गणेश श्रीकृष्ण खापर्डे

गणेश श्रीकृष्ण खापर्डे ऊर्फ दादासाहेब खापर्डे (जन्म : २७ ऑगस्ट १८५४; मृत्यू : १ जुलै १९३८) हे वऱ्हाडातील वकील, राष्ट्रीय चळवळीतील पुढारी, वक्ते आणि दैनंदिनीकार होते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे ते निकटचे सहकारी होते. अमरावती येथे १८९७ साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. ताई महाराज प्रकरणात त्यांचा विश्वस्त आणि साक्षीदार म्हणून संबंध आला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यानंतर टिळकांच्या अपिलासाठी ते इंग्लंडला गेले. त्यांच्या राहणीमुळे व आतिथ्यामुळे ते वऱ्हाडचे नवाब म्हणून ओळखले जात. टिळकयुगातील न्यायालयीन लढ्यांचा आणि सार्वजनिक जीवनाचा अभ्यास करताना त्यांच्या दैनंदिन्या महत्त्वाचे साधन मानल्या जातात.

प्रारंभिक जीवन

खापर्डे यांचा जन्म वऱ्हाडातील इंग्रोली येथे गणेश चतुर्थीच्या दिवशी झाला; त्यावरूनच त्यांचे नाव गणेश ठेवण्यात आले. त्यांच्या जन्मापूर्वी वर्षभर, म्हणजे १८५३ साली, निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला होता. प्रांतावर नाममात्र स्वामित्व निजामाचे आणि प्रत्यक्ष कारभार इंग्रजांचा, अशी दुहेरी स्थिती खापर्डे यांच्या आयुष्याचा बराच काळ टिकून होती. त्यांचे वडील श्रीकृष्ण यांनी गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत स्थान मिळवले होते.

खापर्डे यांना विद्यार्थिदशेपासून संस्कृतची विशेष गोडी होती. इंग्रजी वाङ्मयाचाही त्यांचा व्यासंग मोठा होता. पुढील काळात त्यांच्या भाषणांत संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही वाङ्मयांतील संदर्भ सहजपणे येत. वेदान्तावरील पंचदशी या ग्रंथावर ते विवरण करीत असत. १८८४ साली त्यांनी एल्एल्. बी. ही कायद्याची पदवी मिळवली.

नोकरी व वकिली

पदवीनंतर खापर्डे यांनी वऱ्हाडात सरकारी नोकरी पत्करली. १८८५ ते १८९० या काळात ते मुन्सफ व असिस्टंट कमिशनर या पदांवर होते. न्यायासनावर बसून साक्षीपुरावा ऐकण्याचा व तोलण्याचा हा अनुभव त्यांना पुढे वकिलीत उपयोगी पडला. टिळकांशी त्यांचा संबंध वाढत होता आणि सार्वजनिक कार्याची ओढ होती. नोकरीत राहून ते शक्य नसल्याने त्यांनी राजीनामा दिला व १८९० पासून अमरावतीस स्वतंत्र वकिली सुरू केली.

त्या काळी वऱ्हाडात उच्च न्यायालय नव्हते. प्रांतातील सर्वोच्च न्यायाधिकार ज्युडिशिअल कमिशनरकडे असे. जमिनीचे, वारसाचे, दत्तकाचे आणि सावकारी कर्जाचे दावे मोठ्या संख्येने चालत. कापसाच्या व्यापारामुळे अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे भरभराटीस आली होती व वकिलांचा वर्ग सधन आणि प्रभावी बनला होता. या वर्गातूनच वऱ्हाडचे राजकीय नेतृत्व उभे राहिले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत विश्वनाथ जोशी हे अमरावतीचेच नामांकित वकील खापर्डे यांचे समकालीन होते. मुधोळकर व जोशी नेमस्त विचारांचे, तर खापर्डे जहाल पक्षाचे होते. एकाच गावच्या एकाच वकीलवर्गात दोन्ही राजकीय प्रवाह नांदत असल्याने काँग्रेसमधील मतभेदांचे पडसाद अमरावतीत लगेच उमटत.

खापर्डे यांची वकिली लवकरच उत्तम चालू लागली. मिळकत मोठी होती, तसा खर्चही मोठा होता. घोडे, गाड्या, नोकरचाकर आणि सदैव भरलेली पंगत यांमुळे त्यांचा अमरावतीचा वाडा प्रसिद्ध होता. गवई, पहिलवान, शास्त्री, नाटकमंडळ्या, कीर्तनकार आणि राजकीय पाहुणे यांची तेथे वर्दळ असे. डिस्ट्रिक्ट बोर्डाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

अमरावती काँग्रेस, १८९७

काँग्रेसचे तेरावे अधिवेशन डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीस भरले. सर सी. शंकरन नायर हे अधिवेशनाचे अध्यक्ष आणि खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्या वर्षी मुंबई इलाख्यात प्लेगची साथ होती. पुण्यात रँडचा वध झाला होता, आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती.

हा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर चालला. ज्यूरीत सहा युरोपीय व तीन भारतीय होते आणि निकाल सहा विरुद्ध तीन अशा मतांनी लागला. सरकारविषयी अप्रीती या शब्दाचा न्यायमूर्तींनी केलेला अर्थ इतका व्यापक होता की प्रीतीचा अभाव हादेखील गुन्हा ठरू शकेल, अशी टीका त्यावर झाली. नोव्हेंबरमध्ये प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. यानंतर महिनाभरातच अमरावतीचे अधिवेशन झाले. सरकारचा रोष पत्करून वऱ्हाडसारख्या तुलनेने लहान प्रांतात अधिवेशन यशस्वी करणे, आणि त्याच वेळी तुरुंगात असलेल्या मित्राविषयीची निष्ठा राखणे, अशी दुहेरी जबाबदारी खापर्डे यांच्यावर होती. या अधिवेशनाने अमरावती हे राष्ट्रीय राजकारणाच्या नकाशावर आले. खापर्डे यांचे नावही प्रांताबाहेर पोचले.

ताई महाराज प्रकरण

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज यांचा ७ ऑगस्ट १८९७ रोजी मृत्यू झाला. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदींना आपल्या मिळकतीचे विश्वस्त नेमले होते. पत्नी ताई महाराज त्या वेळी गर्भवती होत्या. मुलगा न झाल्यास किंवा झालेला मुलगा न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात तरतूद होती. १८९८ च्या आरंभी जन्मलेला मुलगा दोन महिन्यांच्या आत दगावला व दत्तकाचा प्रश्न उभा राहिला.

मिळकत कर्जात होती. कर्ज फेडण्यासाठी विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली. त्यामुळे ताई महाराज व विश्वस्त यांच्यात दुरावा निर्माण झाला. जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे हे ताई महाराजांसह निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे गेले. तेथे पंडित घराण्याच्या बाभ्रे शाखेतील जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान २८ जून रोजी झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पुण्यास परतल्यावर ताई महाराजांनी ते नाकारले आणि १९ ऑगस्ट १९०१ रोजी कोल्हापूर येथे बाळा महाराज यांना दत्तक घेतले. एकाच मिळकतीला दोन दत्तक वारस उभे राहिल्याने प्रकरण न्यायालयात गेले.

वादाचा मुद्दा वरवर पाहता साधा होता : औरंगाबादेस दत्तविधान झाले की नाही? परंतु त्याचे उत्तर तेथे हजर असलेल्या माणसांच्या साक्षीवरच अवलंबून होते. खापर्डे हे त्या प्रसंगाचे प्रत्यक्षदर्शी होते. दत्तविधान झालेच नाही असे ठरले, तर टिळक व खापर्डे या दोघांनी मिळून खोटी साक्ष रचली असा त्याचा सरळ अर्थ होत होता. वकिली हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या दृष्टीने याहून गंभीर कलंक दुसरा नव्हता.

पुण्याचे न्यायाधीश ॲस्टन यांनी ३ एप्रिल १९०२ रोजी विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी आरोप ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. खास नेमलेले मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना खोटी साक्ष दिल्याबद्दल अठरा महिने सक्तमजुरी व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. सेशन्स न्यायाधीश ल्यूकस यांनी जानेवारी १९०४ मध्ये ती सहा महिन्यांवर आणली. टिळकांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले. ४ मार्च १९०४ रोजी मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स यांच्या खंडपीठाने शिक्षा पूर्णपणे रद्द केली.

दिवाणी दावा मात्र पुढे चालू राहिला. १९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने औरंगाबादचे दत्तविधान ग्राह्य धरले. १९१० साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांनी तो निकाल फिरवला. त्या निकालामुळे टिळक व खापर्डे यांच्या साक्षीवर पुन्हा अविश्वासाची छाया पडली. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून जगन्नाथ यांचे दत्तविधान कायम केले. साक्षीदाराला त्याच्या पूर्वीच्या विधानांतील विसंगती दाखवून खुलाशाची संधी दिल्याशिवाय त्याला खोटा ठरविणे न्याय्य नाही, हे तत्त्व या निकालात स्पष्ट करण्यात आले. पुरावा कायद्याच्या संदर्भात भारतीय न्यायालये या निकालाचा आधार आजही घेतात. दत्तविधानापासून या निकालापर्यंत सुमारे चौदा वर्षे गेली होती. निकालाने मिळकतीचा प्रश्न जसा सुटला, तसा खापर्डे यांच्या सचोटीवरील आक्षेपही दूर झाला.

जहाल राजकारण

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी व बहिष्काराची चळवळ सुरू झाली. खापर्डे यांनी वऱ्हाडात तिचा जोरदार प्रचार केला. जून १९०६ मध्ये कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला ते टिळकांबरोबर गेले. डिसेंबर १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगली, तेव्हा ते टिळकांच्या बाजूला ठाम उभे होते. त्यांच्या वक्तृत्वात विनोद, उपरोध आणि दृष्टान्त यांचा भरणा असे. गंभीर विषय हसतखेळत मांडण्याची त्यांची हातोटी श्रोत्यांना विशेष आवडे.

१९०८ च्या मे महिन्यात अकोला येथे शिवजयंतीचा मोठा उत्सव झाला. टिळक हे प्रमुख वक्ते होते आणि शेगावचे संत गजानन महाराज सभेस उपस्थित होते. या सभेचे वर्णन दासगणू महाराजांच्या गजानन विजय या ग्रंथात आहे. टिळकांना अटक झाल्यावर खापर्डे यांनी कोल्हटकरांना शेगावास महाराजांकडे पाठविले आणि महाराजांनी दिलेली भाकरी प्रसाद म्हणून टिळकांपर्यंत पोचविण्यात आली, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. अकोल्याच्या या सभेची आठवण वऱ्हाडात भक्ती आणि राजकारण अशा दोन्ही परंपरांत जपली गेली आहे.

टिळकांवरील १९०८ चा खटला

मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर केसरीत प्रसिद्ध झालेल्या लेखांवरून २४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. १२ मे व ९ जून १९०८ च्या अंकांतील अग्रलेख आक्षेपार्ह ठरविण्यात आले होते. १३ ते २२ जुलै या काळात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर खटला चालला. १८९७ साली टिळकांच्या बाजूने काम केलेले वकील दावर हेच या वेळी न्यायासनावर होते. खास ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. मराठी लेखांबद्दलच्या या खटल्यात ज्यूरीसमोर इंग्रजी भाषांतरे ठेवण्यात आली. मूळ मराठी शब्दांचा अर्थ व भाषांतराची अचूकता हा टिळकांच्या बचावाचा एक महत्त्वाचा भाग होता.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. त्यांचे ज्यूरीपुढील भाषण अनेक दिवस चालले व त्याला एकूण एकवीस तासांहून अधिक वेळ लागला. खापर्डे यांच्यासारखे वकील मित्र या काळात त्यांच्या पाठीशी होते. २२ जुलै रोजी रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले. न्यायमूर्तींनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांचा वाढदिवस होता. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळकांना पुढे मंडाले येथे ठेवण्यात आले.

खटल्याच्या नोंदी व चित्रे

युरोपातील वृत्तपत्रे व सचित्र साप्ताहिके त्या काळी गाजलेल्या खटल्यांची दृश्ये चित्रकारांकडून रेखाटून घेत. न्यायाधीश, आरोपी, साक्षीदार व ज्यूरी यांची चेहरेपट्टी वाचकांना अशा रेखाटनांतून दिसे. ब्रिटनमध्ये १९२५ च्या कायद्याने न्यायालयात छायाचित्र काढण्यास आणि चित्र रेखाटण्यासही मनाई करण्यात आली. त्यानंतर तेथील चित्रकार न्यायालयात बसून निरीक्षण करीत व बाहेर येऊन स्मरणाने चित्र पूर्ण करीत.

महाराष्ट्रात व वऱ्हाडात न्यायालयीन रेखाटनाचा असा स्वतंत्र व्यवसाय रूढ झाला नाही. येथे खटल्याचे चित्र वाचकांपुढे उभे राहिले ते प्रामुख्याने शब्दांतून. वृत्तपत्रांतील दैनंदिन वृत्तान्त, लघुलेखकांनी उतरून घेतलेली भाषणे, नंतर पुस्तकरूपाने निघालेले अहवाल आणि उपस्थितांच्या खासगी नोंदी ही त्याची साधने होती. टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचा सविस्तर अहवाल नरसिंह चिंतामण केळकर यांनी प्रसिद्ध केला. अमरावती-अकोल्याच्या वाचकाला मुंबईच्या न्यायदालनात काय घडले हे अशा मजकुरातूनच कळत असे.

या साधनांमध्ये खापर्डे यांच्या दैनंदिन्यांचे स्थान वेगळे आहे. छापील अहवालात साक्ष, युक्तिवाद व निकाल येतो. प्रवास, भेटीगाठी, पैशाची तजवीज, मित्रांच्या चिंता आणि पराभवानंतरची मनःस्थिती येत नाही. खटल्याच्या भोवतालचे हे जीवन खासगी नोंदींतून कळते. न्यायाधीश, वकील, विश्वस्त आणि साक्षीदार अशा चारही भूमिकांतून न्यायालय अनुभवलेल्या माणसाने या नोंदी केलेल्या असल्याने त्यांचे महत्त्व अधिक आहे.

इंग्लंडमधील वास्तव्य

टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागण्यासाठी खापर्डे ऑगस्ट १९०८ मध्ये इंग्लंडला निघाले. साताऱ्याचे दादासाहेब करंदीकर हेही या कामासाठी इंग्लंडला गेले होते. अमरावतीची चालती वकिली सोडून खापर्डे दोन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिले. त्यामुळे त्यांची मिळकत थांबली आणि अशिलांशी असलेला संबंध तुटला. आयुष्यभर मोकळ्या हाताने खर्च केलेल्या या कुटुंबाला पुढे आर्थिक ओढाताण सोसावी लागली.

प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी दिली नाही. फौजदारी खटल्यांत ही संस्था सहसा हस्तक्षेप करीत नसे. न्यायदानात गंभीर दोष दाखविता आला तरच तिचे दार उघडे. कायद्याचा मार्ग बंद झाल्यावर खापर्डे यांनी पार्लमेंटचे सभासद व इतर वजनदार व्यक्तींच्या भेटी घेऊन टिळकांच्या सुटकेसाठी प्रयत्न चालू ठेवले. त्यांना यश आले नाही.

ते लंडनमध्ये असतानाच १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध केला. ५ जुलै रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये भरलेल्या निषेधसभेस आगाखान, सर मंचरजी भावनगरी, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, बिपिनचंद्र पाल यांच्याबरोबर खापर्डेही उपस्थित होते. या सभेत विनायक दामोदर सावरकर यांनी ठरावाला विरोध केला. धिंग्रा यांच्यावरील खटला २३ जुलै रोजी एकाच दिवसात संपला आणि १७ ऑगस्ट रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

१९१० साली खापर्डे परतीच्या प्रवासाला निघाले. घरी येण्यापूर्वी ते ब्रह्मदेशात गेले आणि ऑक्टोबर महिन्यात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी टिळकांची भेट घेतली. ज्या कामासाठी ते गेले होते ते झाले नाही, हे त्यांनी स्वतः समक्ष जाऊन सांगितले. त्यानंतर कलकत्तामार्गे नोव्हेंबर १९१० मध्ये ते अमरावतीस पोचले.

शिर्डीतील वास्तव्य

अमरावतीस परतल्यावर महिनाभरातच, ५ डिसेंबर १९१० रोजी, खापर्डे शिर्डीस साईबाबांच्या दर्शनाला गेले व तेथे आठवडाभर राहिले. दुसऱ्या वेळी डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत सुमारे शंभर दिवस त्यांचा तेथे मुक्काम होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची साईबाबांवर गाढ श्रद्धा होती. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या श्रीसाईसच्चरित या ग्रंथात खापर्डे दांपत्याच्या आठवणी आल्या आहेत. सभा गाजविणारे हे वक्ते साईबाबांपुढे मौन धरून बसत, असा उल्लेख त्यात आहे.

शिर्डीतील नोंदी वेगळ्या काढून प्रथम श्रीसाईलीला मासिकात व नंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. पहाटे उठणे, काकड आरती, बाबांची बाहेर जाण्याची व परतण्याची वेळ, त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलेले बोल, भेटीस आलेली माणसे आणि दुपारचे ग्रंथवाचन असा त्यांचा क्रम आहे. साईबाबांच्या हयातीत, त्या त्या दिवशी लिहिल्या गेलेल्या या नोंदी असल्याने चरित्रकार त्यांना प्रथम दर्जाचे साधन मानतात. चमत्कारांच्या वर्णनापेक्षा रोजच्या व्यवहाराची नोंद करण्याकडे त्यांचा कल दिसतो.

होमरूल व विधिमंडळातील कार्य

१९१४ साली टिळक सुटून आल्यावर खापर्डे पुन्हा राजकारणात सक्रिय झाले. १९१६ साली स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे काम त्यांनी वऱ्हाड व मध्य प्रांतात केले. पुढे ते वरिष्ठ विधिमंडळाचे सभासद झाले. १९१९ साली रौलट विधेयके पुढे आली तेव्हा भारतीय लोकनियुक्त सभासदांसह त्यांनीही विरोध केला. राजकीय आरोपींना ज्यूरीशिवाय व अपिलाच्या हक्काशिवाय शिक्षा देण्याची तरतूद त्या विधेयकांत होती. पक्षपाती ज्यूरीचे आणि बंद झालेल्या अपिलाचे परिणाम जवळून पाहिलेल्या खापर्डे यांच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता.

त्याच वर्षी मॉण्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांसंबंधी बाजू मांडण्यासाठी होमरूल लीगच्या वतीने ते पुन्हा इंग्लंडला गेले. टिळक त्याआधीच तेथे होते. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर टिळकांनी लावलेला बदनामीचा दावा फेब्रुवारी १९१९ मध्ये लंडनच्या न्यायालयात फेटाळला गेला होता. चिरोल यांच्या पुस्तकातील ज्या मजकुराबद्दल दावा होता, त्यात ताई महाराज प्रकरणाचाही समावेश होता. प्रिव्ही कौन्सिलने निकाली काढलेले ते प्रकरण अशा रीतीने पुन्हा एकदा न्यायालयात चर्चिले गेले.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले. महात्मा गांधींच्या असहकाराच्या कार्यक्रमात न्यायालये व विधिमंडळे यांवर बहिष्काराचा समावेश होता. खापर्डे यांना तो मान्य नव्हता. मिळेल ते पदरात पाडून उरलेल्यासाठी झगडावे, या टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या धोरणावर त्यांचा विश्वास होता. नव्या सुधारणांनुसार स्थापन झालेल्या कौन्सिल ऑफ स्टेटचे ते सभासद झाले. या भूमिकेमुळे ते काँग्रेसच्या मुख्य प्रवाहापासून दूर गेले. एके काळी वऱ्हाडातील सर्वांत जहाल मानला गेलेला हा पुढारी नव्या पिढीला जुन्या वळणाचा वाटू लागला.

नाट्य व साहित्य

खापर्डे नाटक व संगीताचे मर्मज्ञ रसिक होते. १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्यासारखे वकिली करणारे नाटककार वऱ्हाडातच होते. नाट्यव्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या त्या काळातील प्रयत्नांत वऱ्हाडच्या सुशिक्षित वर्गाचा मोठा वाटा होता.

दैनंदिन्या

खापर्डे यांनी तारुण्यापासून उतारवयापर्यंत दैनंदिनी लिहिली. ती इंग्रजीत आहे. त्यांच्या शेहेचाळीस दैनंदिन्या नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केल्या आहेत. भाषा साधी व आटोपशीर आहे. टिळक, काँग्रेसमधील गटबाजी, लंडनमधील भारतीय, शिर्डीचा दरबार आणि अमरावतीचे घरगुती जीवन यांविषयी एकाच लेखणीतून आलेली माहिती त्यांत मिळते. स्वतःच्या बचावासाठी किंवा प्रसिद्धीसाठी त्या लिहिलेल्या नसल्याने अभ्यासक त्यांना विश्वसनीय मानतात. मात्र नोंदी त्रोटक असल्यामुळे वृत्तपत्रे व न्यायालयीन कागदपत्रे यांच्याशी ताडून त्यांचा उपयोग करावा लागतो.

मृत्यू व वारसा

खापर्डे यांचे १ जुलै १९३८ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी निधन झाले. त्यांचे पुत्र बाळकृष्ण गणेश ऊर्फ बाबासाहेब खापर्डे हेही राजकारणात होते व मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी मंत्रिपद सांभाळले. वडिलांचे मराठी चरित्र त्यांनी लिहिले. अमरावतीच्या राजकमल चौक परिसरातील खापर्डे वाडा हा शहराच्या इतिहासाचा भाग मानला जातो. गजानन महाराज अमरावतीस आले असता खापर्डे यांच्या घरी गेल्याचा उल्लेख गजानन विजय ग्रंथात आहे.

मुंबई उच्च न्यायालयात ज्या दालनात १९०८ चा खटला चालला, तेथे टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ साली, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते स्मृतिफलकाचे अनावरण झाले. अपिलासाठी केलेला खापर्डे यांचा प्रयत्न निष्फळ ठरला असला, तरी त्या खटल्याच्या इतिहासात त्यांचे नाव टिळकांच्या सर्वांत निष्ठावान सहकाऱ्यांमध्ये घेतले जाते. ताई महाराज प्रकरणातील प्रिव्ही कौन्सिलचा निकाल साक्षीपुराव्याच्या कायद्यात, तर त्यांच्या दैनंदिन्या टिळकयुगाच्या इतिहासलेखनात आजही वापरात आहेत.